चेहरा द्यावा का?

पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात पोरांना नेलं की हमखास प्रश्न येतो, "सर, बुद्ध कुठाय?" गौतमी बलश्रीने पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी दान दिलेल्या या विहारात मागच्या भिंतीवर उठावात नुसता स्तूप आहे, दोन्ही बाजूंना उपासिका. बाहेर मात्र सहा यक्ष जमिनीतून वर येऊन खांद्यांवर तुळया पेलतायत. भार वाहणाऱ्याला देह दिला, पूज्याला नाही! मला हे पटतं. चेहरा दिसला की बघणारा तिथंच अडतो. पण दहाव्या लेण्यातला तसाच स्तूप पुढे कुणीतरी कोरून भैरव केला. म्हणजे मोकळी खूण दुसऱ्याच्या हाती जाणारच. तरी सध्या एका चौकासाठी करतोय त्या शिल्पाच्या आराखड्यात मी चेहरा घातलेला नाही. उद्या कुणी शेंदूर फासला, तर फासू दे.