कृति उत्तम, पण कर्त्यांचें काय?

घरांतील मुलें सुटीच्या दिवशीं व्हिडिओ गेममध्यें गढून गेलीं म्हणजे वडीलमंडळी त्यांच्या डोळ्यांची व अभ्यासाची काळजी करितात. पण तो खेळ ज्यांनीं घडविला त्यांनीं किती रात्री जागून काढल्या, हा विचार क्वचितच कोणाच्या मनांत येतो. त्या विचारांतून एक नैतिक प्रश्न उभा राहतो : कृति उत्तम उतरली, तर कर्त्यांस झालेला जाच क्षम्य ठरतो काय?

मोठा व्हिडिओ गेम हें एकट्याच्या प्रतिभेचें फळ नव्हे. चित्रकार, संगीतकार, लेखक, प्रोग्रामर असे शेंकडों लोक वर्षानुवर्षें खपतात, तेव्हां तो उभा राहतो. त्यांची मुदत कोण ठरवितो आणि त्यांचे दिवस कोण वाटून देतो, यावर साहजिकच खेळाचें बरेंवाईट अवलंबून असतें. १९८२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें ‘ई. टी.’ या चित्रपटावरील खेळाचे हक्क घेतले आणि नाताळचा बाजार साधावा म्हणून सुमारें पांच आठवड्यांत तो पुरा करण्याचें काम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरवर सोंपविलें. त्यानें तें हौसेनें पत्करलें, हें खरें. त्याचे आधीचे खेळ गाजलेहि होते. परंतु हा खेळ फसला, आणि न खपलेल्या कित्येक प्रती १९८३ मध्यें न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो येथें कचऱ्यांत पुरल्या गेल्या. माणूस तोच, बुद्धि तीच. कमी पडला तो वेळ.

अलीकडचें उदाहरण पोलंडमधील आहे. सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओच्या चालकांनीं २०१९ मध्यें, ‘सायबरपंक २०७७’ या खेळासाठीं जादा कामाची सक्ती करणार नाहीं, असें सांगितलें होतें. २०२० च्या सप्टेंबरांत मात्र आठवड्याचे सहा दिवस काम करण्याचा हुकूम सुटला. १० डिसेंबरला खेळ बाजारांत आला, आणि जुन्या यंत्रांवर तो इतका मोडका निघाला कीं, आठवडाभरांतच सोनीनें तो आपल्या प्लेस्टेशन दुकानांतून काढून घेतला. पुढच्या महिन्यांत एका संस्थापकानें जाहीर माफी मागितली आणि दोष काम करणारांना देऊं नये, निर्णय वरिष्ठांचे होते, असें कबूल केलें. पुढें दुरुस्तीस अवधि मिळाला, तेव्हां २०२३ पर्यंत तोच खेळ वाखाणला जाऊं लागला.

येथवर युक्तिवाद सोपा आहे : माणसें पिळलीं कीं काम बिघडतें. पण २०१८ सालचा रॉकस्टार कंपनीचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा खेळ या युक्तिवादास अडवितो. त्या वेळीं तेथील अनेकांनीं दीर्घ तासांच्या कामाच्या कहाण्या सांगितल्या. खेळ मात्र सर्वत्र नांवाजला गेला. आमचा आक्षेप केवळ दर्जापुरता असेल, तर येथें आम्हांस गप्प बसावें लागेल.

आम्हांस तें मान्य नाहीं. कवि स्वतःची रात्र जाळतो, ती त्याची स्वतःची असते; वरिष्ठ जेव्हां मुदतीसाठीं हाताखालच्यांची रात्र जाळतो, तेव्हां ती दुसऱ्याची असते. माणसाच्या विश्रांतीला तिच्यामुळें काम सुधारतें अशी शिफारस लागूं नये. कृतीचा दर्जा व्यवस्थेविरुद्ध साक्ष देऊं शकतो; तिला निर्दोष ठरविण्याचा अधिकार त्याला नाहीं.

निंटेंडोचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनीं २०१३ मध्यें, नोकरी जाण्याच्या भीतीखालीं काम करणारा लोकांचें मन जिंकणारें कांहीं निर्मूं शकणार नाहीं, अशा आशयाचें मत मांडलें. बोलणें दर्जाच्याच भाषेंतलें होतें. परंतु २०१४ च्या आरंभीं कंपनीची विक्री घसरली, तेव्हां त्यांनीं कांहीं महिन्यांपुरतें स्वतःचें वेतन अर्ध्यावर आणलें. चुकीचा भार ज्यानें निर्णय घेतला त्यानेंच प्रथम उचलावा, हा धडा त्यांच्या शब्दांपेक्षां कृतींतच अधिक आहे.

आणि दोष केवळ चालकांचाच आहे काय? ‘सायबरपंक’ची तारीख पुनःपुन्हां पुढें गेली, तेव्हां अधीर गिऱ्हाइकांनींहि कांहीं कमी संताप केला नाहीं. म्हणून आवडता खेळ लांबणीवर पडला म्हणून घरांतलें मूल हिरमुसलें, तर त्याला एवढेंच सांगावें कीं, त्या विलंबानें कदाचित् कोणाचे आईबाप आज वेळेवर घरीं पोंचले असतील.