आठवण आणि सत्य

खरे बोलणारा मनुष्य खोटी साक्ष देऊ शकेल काय? पुष्कळांस हा प्रश्नच विलक्षण वाटेल. परंतु स्मरणाचे स्वरूप पाहिले असता तसे घडू शकते, हे आम्हांस कबूल करावे लागते.

आठवण म्हणजे पेटीत जपलेला कागद नव्हे. तिचे अंश मेंदूच्या निरनिराळ्या भागांत राहतात, आणि आठवतेवेळी मन ते पुन्हा जुळविते. ह्या जुळवणीत मागाहून ऐकलेले शब्दही नकळत मिसळतात.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर ह्यांनी विद्यार्थ्यांस मोटारींच्या टकरीचा चित्रपट दाखविला. मग वेग विचारतेवेळी ५० जणांस "मोटारी आदळून चुरडल्या तेव्हा" असे म्हटले, तर दुसऱ्या ५० जणांस नुसते "धडकल्या तेव्हा" असे म्हटले. आठवड्याने, "फुटलेली काच पाहिली काय?" असे विचारता पहिल्यांतील १६ व दुसऱ्यांतील ७ जण "होय" म्हणाले. चित्रपटात फुटलेली काच मुळीच नव्हती!

तेव्हा बांधावरून दोघे भाऊ भांडतात, व दोघेही शपथेवर आपलेच खरे म्हणतात, तर त्यांतील एक लबाड आहेच, असे ठरविण्याची घाई आम्ही करू नये. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्यास मात्र ह्यावरून सबब मिळत नाही. खात्री वाटणे ही सत्याची खूण नव्हे. म्हणून व्यवहार त्याच दिवशी लिहून ठेवावा, साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, आणि दुसऱ्याच्या आठवणीइतकीच आपलीही पारखून पाहावी. सत्यावर प्रीती करणाऱ्यास एवढी नम्रता अवश्य आहे.