लेंड्या कोणी बघितल्या?

उभी राहा. मान वर कर. तुमचा ससा दिवाळीच्या सुट्टीत गेला हे मला ठाऊक होतं, पण कसा गेला ते काल मधल्या सुट्टीत तू मैत्रिणींना सांगत होतीस तेव्हा कळलं. "काकूंकडे ठेवला होता, चांगला होता, अचानक मेला." अचानक मेला नाही तो. दुसऱ्या दिवसापासून गाजर तसंच पडून होतं, हे तूच पुढच्या वाक्यात सांगितलंस. आणि काकू म्हणाल्या, "अगदी शांत होता, काही त्रास दिला नाही." शांत! दुखणं दिसलं की शिकारी आधी त्यालाच उचलतो, म्हणून ससा दुखणं लपवतो. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, जेवणाकडे न बघणारा ससा म्हणजे आजारी ससा.

त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. १२ तास त्याने कशाला तोंड लावलं नाही तर डॉक्टर गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही. आतडी मंदावतात, पोटात वायू धरतो, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. मग हे ओळखायचं कशावरून? लेंड्यांवरून. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या. चुरडली तर आत गवताचा भुसा. त्या बारीक व्हायला लागल्या, कमी पडायला लागल्या, की पोट बिघडलं. ट्रे रिकामा, तर त्याच क्षणी निघायचं. तुमच्याकडे तो ट्रे रोज कोण साफ करत होतं? कामाच्या मावशी. म्हणजे रोज काय बघायचं ते तुलाच माहीत नव्हतं, तू काकूंना काय सांगणार? "लक्ष ठेवा हं" म्हणालात, पिशवीभर गाजरं दिलीत आणि गाडीत बसलात. गाजर हा त्याचा गोड खाऊ, तोही तुकडाभर. जेवण म्हणजे सुकं गवत, रात्रंदिवस पुढ्यात. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. काकूंना दोष देऊ नकोस. त्यांनी शेजारधर्म केला, चूक तुमच्या घराची आहे.

मागच्या बाकावर हसायचं कारण नाही. तुझ्याकडे बजरीगर आहेत ना? वाटी राळ्याने भरून तुम्ही गावाला जाता, शेजारी दारातून बघतात, वाटी भरलेली दिसते, निघून जातात. अरे, वर नुसती फोलपटं असतात! पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. फुंकर मारून बघितलं नाही तर भरल्या वाटीपुढे तो उपाशी मरेल. आणि घरात राघू पिंजऱ्यात ठेवणाऱ्यांनी सुट्टीत त्याला कुठे ठेवू हे मला विचारूच नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला रानातला पोपट पाळणं गुन्हा आहे. वन विभागाला कळवा. गच्चीवरून उडवून देऊन हात झटकू नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला स्वतःचं पोट भरता येत नाही.

आता तू बस, पण ऐक. नवा ससा आणलात, आणि मे महिन्यात कोकणात जायचं ठरलंय. पुण्याचा मे आहे हा. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला उन्हाचा झटका बसू शकतो. त्यामुळे बाल्कनी बंद. ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे तिथेही नाही. नुसत्या वासाने तो खाणं सोडेल. कुत्र्यांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, सशाला हात लावणारे थोडे. त्यांचा नंबर जाण्याआधी शोधायचा, रात्री अकरा वाजता नव्हे. त्याचं रोजचं गवत त्याच्यासोबत पाठवायचं, नवं काही सुरू करायचं नाही. आणि जे सांभाळणार आहेत त्यांना निघण्याआधी दोन दिवस घरी बोलवायचं, ट्रे त्यांच्यासमोर तू स्वतः साफ करायचा, लेंड्या दाखवायच्या.

हे जमणार नसेल तर घरातल्या एकाने मागे राहायचं. आई-बाबांना माझा निरोप सांग, रागावले तर मला येऊन भेटू देत. डॉक्टरांचं नाव आणि नंबर लिहिलेला कागद सोमवारी पहिल्या तासाला माझ्या टेबलावर हवा.