श्रवणशक्ती : आपली आणि शेजाऱ्याची अमानत

पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) माणसाला सावध केले आहे, की कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाविषयी त्याला विचारणा होणार आहे. आपण याचा अर्थ बहुधा असा घेतो : कानांनी परनिंदा ऐकली काय, अफवा ऐकून पुढे पसरवली काय? हा अर्थ योग्यच आहे. परंतु ज्या देणगीचा हिशेब द्यायचा, ती आपण शाबूत राखली काय, हाही प्रश्न उरतोच. त्याहून कठीण प्रश्न असा, की आपल्या हातून दुसऱ्याच्या कानांचे काय झाले?

अल्लाहने ही शक्ती किती नाजूक रचनेत ठेवली आहे, ते पाहा. ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन इवली हाडे ते कंपन आत पोहोचवतात आणि शंखाकृती आंतरकर्णातील सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी ते मेंदूला कळेल अशा संदेशांत बदलतात. माणसाच्या शरीरात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. श्रवणयंत्र आवाज वाढवते, गेलेल्या पेशी परत आणत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला फार तर आठ तास सोसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. डीजेच्या भिंतीजवळ हा आकडा सहज ओलांडला जातो.

म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातील काही नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. ईद-ए-मिलादच्या जुलूसातील डीजे आणि लेझर दिव्यांना कुरआन व हदीसमध्ये कोणताही आधार नाही, असे त्यांच्या वतीने मांडले गेले. जे गणेशोत्सवात घातक, ते ईदमध्येही घातकच, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला.

यावर आपल्या तरुणांचा एक सवाल असतो : लक्ष्मी रस्त्यावर चालते, मग नाना पेठेत आम्हालाच का अडवता? नियम सर्वांना सारखा लागू व्हावा, ही मागणी न्याय्य आहे. परंतु इतरांची चूक हा ईमानधारकाचा पुरावा होऊ शकत नाही. कुरआनने (५:८) तर एखाद्या समूहाशी वैर असतानाही न्याय न सोडण्याची आज्ञा दिली आहे.

ज्यांच्या प्रेमापोटी हा जुलूस निघतो, त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण काय होती? एका प्रवासात सोबती मोठ्याने तकबीर पुकारू लागले, तेव्हा आपण बहिऱ्याला वा गैरहजर असलेल्याला हाक मारत नाही, याची आठवण देऊन प्रेषितांनी त्यांना आवाज आवरायला सांगितले. मशिदीत कुरआनपठण करणाऱ्यांनाही एकमेकांवर आवाज चढवून त्रास देऊ नका, असे बजावले. जिथे अल्लाहच्या वाणीच्या पठणाला ही मर्यादा, तिथे डीजेला मुभा कोठून मिळणार?

बंधुभगिनींनो, माणसांचे हक्क ज्याचे त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत. कर्ज फेडता येते, हिरावलेली जमीन परत करता येते. परंतु बहिरेपण हळूहळू, कित्येक वर्षांनी जाणवते. खिडकीआड निजलेल्या कोणत्या तान्ह्या मुलाचे, कोणत्या वृद्धेचे कान आपण दुखावले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. मग माफी मागायला कोणाच्या दारी जाणार? ज्या हानीची भरपाई नाही आणि जिचा हक्कदारही सापडत नाही, तिच्यापासून आधीच दूर राहणे हाच ईशभयाचा मार्ग होय.

सुरुवात घरापासून करावी. मुलांच्या कानातील इअरफोनचा आवाज कमी करावा, लग्नाच्या वरातीत डीजे नाकारावा, मोहल्ला समितीत हा विषय निर्भयपणे मांडावा. अल्लाह आपल्याला या अमानतीची राखण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.