रांगेतली जागा आणि हक्क

नोकरीपेशातल्या माणसाला सेवाज्येष्ठतेचे मोल सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या वैमानिकाचे तर सारे आयुष्यच यादीतल्या एका क्रमांकावर चालते. कोणते विमान, कॅप्टनची खुर्ची कधी, सणाला घरी कोण राहणार, हे तो क्रमांक ठरवतो. मंदी आली की यादीतल्या शेवटच्यांना आधी घरी बसवतात. त्याला तिकडे 'फर्लो' म्हणतात. दिवस पालटले की ज्येष्ठतेच्या क्रमाने परत बोलावतात. दुसऱ्या कंपनीत गेल्यास मात्र पुन्हा तळापासून सुरुवात.

2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. यूएस एअरवेज दोनदा दिवाळखोरीत गेलेली; तिचे अनेक वैमानिक फर्लोवर होते. दोन यादींची एक यादी करण्यासाठी लवाद नेमला गेला. 2007 मध्ये जॉर्ज निकोलाऊ यांनी निवाडा दिला. यूएस एअरवेजचे सुमारे 500 ज्येष्ठ वैमानिक सर्वांत वर राहिले. पण फर्लोवरचे तळाशी गेले. त्यांत दीड दशकापूर्वी नोकरीला लागलेलेही होते. अमेरिका वेस्टमध्ये नुकतेच लागलेले त्यांच्या वर आले.

प्रश्न असा की, घरी बसून वाट पाहिलेल्या वर्षांची किंमत काय? ती माणसे स्वतःच्या दोषाने घरी बसली नव्हती. त्यांची वर्षे शून्य धरणे आपल्या मनाला बोचते. पण त्यांच्या दुर्दैवाचे देणे अमेरिका वेस्टच्या वैमानिकाने का फेडावे? त्याने कुणाचे काम हिरावले नव्हते. त्याच्याजवळ चालू नोकरी होती; यांच्याजवळ फक्त परतीची आशा.

यूएस एअरवेजचे वैमानिक संख्येने जास्त होते. त्यांनी 2008 मध्ये नवी संघटना निवडून आणली आणि निवाडा बाजूला ठेवला. खटले वर्षानुवर्षे चालले. वेतनाचे करार वेगळेच राहिले. बहुमतवाले स्वतःही दिवाळखोरीच्या काळातल्या पगारावर अडकले. 2013 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाले. 2015 मध्ये अपील न्यायालयाने, संघटनेने अल्पसंख्य वैमानिकांशी न्याय्य वागण्याचे कर्तव्य मोडले, असा निकाल दिला.

आम्हाला वाटते, निवाडा कठोर होता, यावर वाद होऊ शकतो. पण पंच मान्य करायचा आणि निकाल विरुद्ध जाताच हात मोजायचे, याला इन्साफ म्हणता येत नाही. मोजणीने पदाधिकारी निवडता येतात. दुसऱ्याचा हक्क मोजणीने ठरत नाही. आज जो संख्येने मोठा आहे, तो उद्याच्या विलीनीकरणात लहान असू शकतो. तेव्हा त्याला आधार असेल तो फक्त पाळलेल्या शब्दाचा.