नको म्हणणारं मन

परवा संध्याकाळी पावसाचा जोर वाढला, तेव्हा मी एवढंच म्हणालो, "आत्या, मुसीचं पाणी घरात आलं तर तुझी पेटी भिजेल. वर ठेवू या का?" आत्या उसळली. "तिन्हीसांजेला अभद्र बोलू नकोस. वास्तू तथास्तु म्हणत असते!"

हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलोय, तरी या वेळी ते सलत राहिलं. हैदराबादेत मुसीकाठच्या चादरघाटच्या वस्त्यांत 2020च्या ऑक्टोबरात नदीचं पाणी शिरलं होतं, ते आम्ही दोघांनीही पाहिलंय. मग ते बोलायचं का नाही?

'शुभ बोल रे नाऱ्या'पासून फोनवरच्या सुविचारांपर्यंत हा उपदेश सगळ्यांना पाठ आहे. पण आत्या दिवेलागणीला जे मनाचे श्लोक म्हणते, त्यांत तरी काय आहे? 205 श्लोकांत समर्थ जागोजागी मनाला 'नको' म्हणतात. पतंजलीची प्रतिपक्षभावना म्हणजेही गोड विचारांची जपमाळ नव्हे. हिंसेचा विचार आला तर त्याचं फळ दुःख आणि अज्ञान आहे, हे शेवटपर्यंत पाहा, असं पतंजली सांगतो. म्हणून मी वाईट झाकणं आणि वाईट नाकारणं यांत फरक करतो. झाकणाऱ्याला पाहावं लागत नाही. नाकारणाऱ्याला आधी नीट पाहावंच लागतं.

या शहराला तर 'नको' हा शब्द मराठीनेच दिलाय. इथली दखनी 'नक्को' म्हणते, तो आपलाच 'नको'. रिक्षावाला 'टेन्शन नक्को लो' म्हणतो, तेव्हा त्यातला कणखरपणा मला घरचा वाटतो. हिंदीच्या 'मत'मध्ये तो सापडत नाही.

आणि वाईट आधी पाहून मग नाकारणं काय असतं, तेही याच शहरात घडलंय. 28 सप्टेंबर 1908 रोजी पूर आलेल्या मुसीने हजारो माणसं नेली. पुढच्या वर्षी निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेला, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवलेला हा इंजिनिअर. पुन्हा असाच पूर येईल हे गृहीत धरूनच त्याने वरच्या अंगाला पाणी अडवण्याची योजना आखली. 1920 साली उस्मानसागर झाला, 1927 साली हिमायतसागर. सगळं चांगलंच होईल असं म्हणत बसले असते, तर एकही धरण उभं राहिलं नसतं. हे सगळं मी आत्याला ऐकवणार होतो.

पण त्याच पुरातली दुसरी गोष्ट आडवी आली. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली. ती चिंच अजून उभी आहे. तिच्या फांदीवर बसून पाणी किती चढलं हे कुणी घटकेघटकेला ओरडून सांगत राहिलं असतं, तर त्याचा कुणाला काय उपयोग होता?

आणि मग 2020ची ती रात्र आठवली. आम्ही गच्चीत होतो. मी बॅटरी मारून पायऱ्या मोजत होतो: चौथी गेली, पाचवी गेली. धाकटी पुतणी रडायची थांबेना. आत्याने माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली, पोरीला मांडीवर घेतलं आणि श्लोक सुरू केले. बुडालेल्या पायऱ्या तिलाही दिसत होत्याच. ती काही झाकत नव्हती. मी मात्र मोजणी करतोय असं समजून नुसती भीती पसरवत होतो. माझा लाडका फरक त्या गच्चीवर माझ्याच विरुद्ध उभा राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला झाकणं आणि नाकारणं सारखंच दिसतं. एकाच माणसाला कधी बोलून नाकारावं लागतं, कधी गप्प राहून. धरण बांधणाऱ्याला आकडे हवेत. फांदीवरच्याला, मांडीवरच्या पोरीला ते नकोत.

तरी आत्याचं सगळंच मला पटलं असं नाही. वास्तू तथास्तु म्हणते यावर माझा विश्वास नाही, आणि पाणी येईल हे कधीतरी बोलावंच लागेल. फक्त तिने म्हटलेला 'तिन्हीसांजेला' हा शब्द मी नीट ऐकला नव्हता.

सकाळी ऊन पडल्यावर पेटीचं पुन्हा विचारलं. "अंगणातल्या दोन विटा आण," आत्या म्हणाली.