स्विचमध्ये जीव नसतो

बंद पडलेलं यंत्र पुन्हा सुरू झालं, तर ते तेच यंत्र असतं का? विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या गल्लीत मी रेडिओ, मिक्सर, मुलांचे गेम दुरुस्त करते. हा प्रश्न मला पोथीतला वाटत नाही, तो टेबलावर येतो. या पावसाळ्यात तो एका गेमबॉयच्या रूपाने आला.

निन्टेंडोने 1989 साली काढलेला तो पहिला करडा, जाडजूड गेमबॉय. आणणाऱ्या काकू माळकरी, दर आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या. त्यांचा धाकटा भाऊ शारजात नोकरीला होता, तिथे रात्रपाळीनंतर यावर पोकेमॉन खेळायचा. करोनात तो गेला. काकूंनी पदरातून तो डबा काढला नि म्हणाल्या, "याचा जीव गेलाय बघ पोरी. त्याचा गेम आहे आत, तेवढा वाचव."

चार पेन्सिल सेल घालून वरचा स्विच सरकवला. लाल दिवा लागला, पडद्यावर कंपनीचं नाव वरून खाली उतरू लागलं आणि अर्ध्यावर सगळं विझलं. स्विच बोटाने दाबून धरला की चालू, सोडला की बंद. सेल काढून स्विचच्या दोन टोकांना मीटर लावला तर आकडा स्थिर राहीना. आमच्या धंद्यात याला "कार्बन आलाय" म्हणतात. खरं तर तो तांब्याच्या पत्तीवर हवेने आणि दमटपणाने चढवलेला ऑक्साइडचा थर असतो, त्यात वाळून घट्ट झालेलं जुनं ग्रीस. वालधुनीच्या काठची हवा अशा पत्त्यांना फार छळते. या थरातून जाताना सेलचा दाब घटतो, चिपला हवे तेवढे व्होल्ट मिळत नाहीत आणि यंत्र डोळे मिटतं.

तीन पात्यांच्या स्क्रूड्रायव्हरने पाठ उघडली, दोन्ही अर्धे जोडणारी रिबन जपून सोडवली. स्विचच्या पत्र्याच्या टोपीचे कान हलकेच उचकटले. आत पांढरा प्लॅस्टिकचा सरक्या आणि नखाच्या तुकड्याएवढ्या काळ्या पडलेल्या पत्त्या. त्या आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, भिजवल्या, खोडरबराने घासल्या, तांबडा रंग दिसू लागेपर्यंत. मग सगळं होतं तसं बसवलं. मीटर लावला, बीप एकसारखा वाजला.

या दुरुस्तीत मी नवं काहीच घातलं नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. सेल भरलेले होते. चिप, पडदा, स्पीकर, सगळं धड होतं. काकूंच्या मते जो जीव गेला होता, तो कुठून जाऊन कुठे आला? स्विच तर दोन पत्त्या एकमेकींना टेकवतो, बाकी काही करत नाही. बुद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादात हेच आहे: प्रत्येक गोष्ट कारणं आणि अटी जुळल्या की उभी राहते, एक अट निसटली की थांबते. थांबलेल्या गोष्टीतून कुणी उठून गेलेलं नसतं.

माझे वडील औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1950 साली सुरू केलं, आवाराला नागसेनवन नाव दिलं. त्या दोन नावांची गोष्ट मी वडिलांकडून लहानपणीच ऐकली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, सागल नगरीत भिक्खू नागसेनाला भेटतो. नागसेन त्याला विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात ना, मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ? सगळे भाग मिळून रथ? की भागांवेगळा कुठे रथ आहे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी स्वतःच कबूल करतो की आस, चाकं, सांगाडा यांच्या आधाराने आपण "रथ" हे नाव वापरतो, एवढंच. आमचं उल्हासनगरही असंच. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, मग फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प, 8 ऑगस्ट 1949 पासून उल्हासनगर. माणसं कॅम्प तीन, कॅम्प चार आजही म्हणतात. गाव तेच की दुसरं, याचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं देता येत नाही.

काकूंना हे पटलं नाही. गीतेतला जुन्या कपड्यांचा दृष्टान्त त्यांना तोंडपाठ आहे. देह म्हणजे वस्त्र, आत्मा ते बदलतो. "कव्हर बदललं तरी आतला तोच ना?" असं त्यांनी विचारलं. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण इथे माझी वाट वेगळी होते. वस्त्र म्हटलं की ते नेसणारा लागतो. मी यंत्र शेवटच्या पत्तीपर्यंत उघडते आणि नेसणारा मला कधी सापडत नाही. माणसाचंही तसंच असावं, असं मी मानते, आणि त्याने मला उदास वाटत नाही. ज्याला तिबेटी परंपरा विदर्भातला मानते, तो नागार्जुन सांगतो की वस्तूंना स्वतःचा अढळ स्वभाव असता तर जगात काहीच बदललं नसतं, काहीच घडलं नसतं. मी त्यात माझ्या कामापुरतं एवढं जोडते: बिघडणं हाच यंत्राचा पक्का स्वभाव असता, तर दुरुस्ती होऊच शकली नसती. गिऱ्हाइकाला "गेलं, नवीन घ्या" म्हणण्याआधी कुठली अट सुटली ते शोधणं मला धम्माचाच भाग वाटतं.

मग भावाच्या गेमचं काय? तो स्विचवर अवलंबून नव्हताच. खेळाची नोंद कार्ट्रिजमधल्या मेमरीत असते आणि तिला आतला एक बटण सेल जागं ठेवतो, गेमबॉय बंद असला तरी. पडद्यावर खेळाडूचं नाव आलं, त्याने स्वतः टाकलेलं. काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. त्या क्षणी मी त्यांना अनात्मवाद शिकवला नाही. पण "तुमचा भाऊ यात आहे" हेही मी म्हणाले नाही. म्हणाले, "काकू, त्याने दाबलेल्या प्रत्येक बटणाचं फळ यात आहे."

हाही नागसेनाचाच मुद्दा. आंबे चोरणारा म्हणाला की मी तोडलेले आंबे मालकाने लावलेले नव्हेतच, तरी तो सुटत नाही, कारण हे आंबे त्या लावलेल्या कोयींपासूनच आले. आत्मा इकडून तिकडे जावा लागत नाही. कर्माचा परिणाम पुढे चालू राहतो. बाबासाहेबांनी 1957 साली प्रकाशित झालेल्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात पुनर्जन्माचा प्रश्न असाच सोडवला आहे: आत्म्याचा पुनर्जन्म नाही, देहातली मूलतत्त्वं विश्वातल्या तत्त्वांत मिसळतात आणि पुन्हा जुळतात. काकू ऐकून म्हणाल्या, "म्हणजे पांडुरंगाकडेच गेला की." त्यांना तसं वाटण्यात मी आड येणार नाही.

एक काम मात्र राहिलंय. कार्ट्रिजमधला बटण सेल पंधरा-वीस वर्षांत उतरतो आणि हा तर त्याहून जुना आहे. तो उतरला की नोंद पुसली जाते, सेल काढला तरी पुसली जाते. म्हणून आधी रीडरने ती संगणकावर उतरवून घ्यायची, नवा सेल सोल्डर करायचा, मग नोंद परत त्यात भरायची. रीडर मी मागवला आहे. तोवर काकूंना एवढंच बजावलंय की नातवाला खुशाल खेळू द्या, पण या कार्ट्रिजमध्ये एकाच खेळाची जागा आहे, तेव्हा त्याला नवा गेम सुरू करून सेव्ह करू देऊ नका.